सातबाऱ्यावर '?' आलं तर जुना कागद शोधा

कल्याण, मुरबाड, शहापूरचा सातबारा आता मोबाईलवर मिळतो. पण उतारा काढला की नाव अक्षर न् अक्षर वाचायला हवं.

संगणक अक्षर नाही, आकडा साठवतो. जुन्या मराठी फॉन्टांत हे आकडे ज्याचे त्याचे वेगळे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच आकडा. देवनागरी त्यात १९९१ पासून आहे, ₹ चं चिन्ह २०१० ला आलं.

खरी गोम जुनी नोंद युनिकोडमध्ये नेताना असते. 'पाटील'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर घाबरू नये. आकडे बहुधा शाबूत असतात, जाणकार ते उलगडतो. पण नावाच्या जागी '???' साठवलं गेलं असेल, तर मूळ अक्षर पुसलं गेलं. कुठलंही सॉफ्टवेअर ते परत आणत नाही. पऱ्हाड, गोऱ्हे ही आडनावं तर दोनदा तपासावीत. त्यातल्या 'ऱ'ला वेगळा आकडा आहे, साधा 'र' घातला की 'पर्हाड' होतं.

लेखनातली चूक महसूल संहिता १९६६ च्या कलम १५५ खाली दुरुस्त होते. अर्जासोबत हस्तलिखित सातबारा आणि फेरफाराची नक्कल जोडावी. घरात नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात मागावी.