परसदार : अडलेलें अंडें

कोंबडीच्या दुखण्यावर या पृष्ठांत लिहावें किंवा कसें, याचा आम्हीं बरेच दिवस विचार केला. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं अंडें स्वयंपाकघराचा उंबरठा अद्यापहि ओलांडीत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु अंडें खाणें न खाणें हा प्रश्न निराळा आणि दारीं आणलेल्या जिवाची काळजी वाहणें हा निराळा. परसांत गोठा होता तेव्हां गाईचीं दुखणीं घरांतील प्रत्येकास ठाऊक असत. आतां गाय गेली आणि मुलांच्या हौसेनें कित्येक घरीं दोन-चार कोंबड्या आल्या, तर त्यांचीं दुखणींहि ठाऊक असावयास हवींत. तीं ठाऊक नसल्यामुळें आमच्या हातून एक अपराध घडला, तो आधीं सांगतों.

दोन वर्षांमागें आमच्या धाकट्या पुतण्यानें हट्ट धरून तीन गांवठी तलंगा आणल्या. मातोश्रींनीं एवढीच अट घातली कीं, खुराडें विहिरीपलीकडे असावें व त्यास हात लावणारानें हातपाय धुतल्याशिवाय माजघरांत येऊं नये. पहिलें वर्ष निर्विघ्न गेलें. पुढें थंडीच्या दिवसांत तांबी नांवाची कोंबडी कोपऱ्यांत पिसें फुलवून बसली व दाण्याला तोंड लावीना. ‘खुडूक झाली असेल’ असें म्हणून आम्ही स्वस्थ राहिलों. तिसऱ्या दिवशीं सकाळीं ती मरून पडलेली आढळली. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत नेली असतां डॉक्टरांनीं उदर उघडून दाखविलें : कवचासह पूर्ण झालेलें अंडें वाटेंतच अडकून राहिलें होतें. वेळीं ओळखलें असतें तर ती बहुधा वांचली असती. पुतण्या चार दिवस कोणाशीं बोलला नाहीं.

खुडूक कोंबडी व अडलेली कोंबडी यांतील भेद समजण्यास कठीण नाहीं. पाहण्याची संवय मात्र हवी. खुडूक कोंबडी घरट्यांत पसरून बसते, जवळ गेल्यास अंग फुगवून गुरगुरते, चोंच मारते, आणि दिवसांतून एकदां तरी उठून खाऊन-पिऊन येते. तिचा डोळा तरतरीत असतो. अडलेली कोंबडी घरट्यांत येरझाऱ्या घालते; मग अंग ताठ उभें धरून, शेपटी खालीं टाकून उभी राहते, मधून मधून कुंथते, शेपटी वरखालीं हलविते, डोळे मिटते. खाणें सुटतें, विष्ठा कमी होते, आणि पोटाखालीं हळूच हात लावल्यास कधीं कधीं अंडें हातास लागतें.

यंदाच्या माघांत दुसऱ्या कोंबडीची, चंद्रीची, हीच दशा झाली. प्रथम पाहिलें तें मातोश्रींनीं, मागील पडवींतून. त्यांचें वय ८४. त्यांच्या तरुणपणीं बाळंतपणें घरींच होत. थोरल्या वहिनींस हांक मारून त्या म्हणाल्या, “अगो, ही खुडूक नव्हे. ही अडली आहे. पाणी तापव.” वहिनी थबकल्या. पाणी तापावयाचें न्हाणीघरांत, आणि कोंबडी तेथें न्यावयाची! मातोश्रींनीं तें ओळखून म्हटलें, “अडलेलीला सोंवळें-ओंवळें नसतें.”

एकीकडे डॉक्टरांस दूरध्वनि केला व ते येईपर्यंत त्यांच्या सांगण्याप्रमाणें उपचार केले. पसरट टबांत, हातास सोसेल असें कोमट पाणी घेऊन चंद्रीस पोटापर्यंत बुडेल अशी सुमारें २० मिनिटें धरली. त्या ऊबेनें स्नायु सैल पडतात. मग टॉवेलानें पूर्ण कोरडी केली; ओल्या अंगानें गारठा लागला तर केलें तें व्यर्थ. शेपटीखालच्या द्वारास स्वच्छ हातानें पेट्रोलियम जेली लावली, डॉक्टरांनीं सांगितल्या मात्रेनें पातळ कॅल्शियम पाजलें, आणि फडकें अंथरलेल्या खोक्यांत घालून खोकें अंधाऱ्या, उबदार कोपऱ्यांत ठेविलें. मुलांना तेथें फिरकूं दिलें नाहीं. दोन तासांनीं अंडें पडलें; त्याचें कवच कागदासारखें पातळ व खरबरीत होतें. डॉक्टर आले तेव्हां चंद्री पाणी पीत होती.

येथें एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. अंडें बोटांनीं ओढून काढण्याचा किंवा आंतल्या आंत फोडण्याचा प्रयत्न घरीं कधींहि करूं नये. कवचाच्या कपच्यांनीं आंतील मार्ग फाटतो व जंतुदोष होतो. शेपटीखालून तांबडें मांस बाहेर आलेलें दिसल्यास त्या कोंबडीस तत्काळ वेगळी करावी, कारण इतर कोंबड्या त्यावर चोंची मारून तिचा जीव घेतात. घरगुती उपचार हे डॉक्टर येईपर्यंतचे होत. एक-दोन दिवसांत अंडें न पडल्यास कोंबडी बहुधा दगावते. आणि एकाएकीं अनेक कोंबड्या मरूं लागल्या, तर त्यांस हात न लावतां पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावें. २००६ सालीं नवापुरास कोंबड्यांचा इन्फ्लुएन्झा आला होता, याची आठवण असूं द्यावी.

आतां मूळ कारण. एक अंडें तयार होण्यास सुमारें २५ तास लागतात, आणि त्यांतील जवळजवळ २० तास केवळ कवच घडण्यांत जातात. तें कवच बहुतांशीं चुनखडीचेंच असतें व त्यांत सुमारें २ ग्रॅम कॅल्शियम असतें. हें काम मुख्यत्वें रात्रीं, कोंबडी झोंपली असतां, चालतें. अन्नांतून पुरेसा चुना मिळाला नाहीं तर ती आपल्या हाडांतून तो काढून कवचास देते. कॅल्शियम फारच घटलें म्हणजे कवच पातळ होतें, आणि अंडें बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंचीहि शक्ति जाते. कारण स्नायु आकुंचन पावण्यासहि कॅल्शियमच लागतें. आम्ही मात्र उरलेला भात, कणी आणि पोळीचे तुकडे टाकून आपण उदार आहों अशा समजुतींत होतों. भातानें कोंबडी लठ्ठ होते, आणि लठ्ठपणा हेंहि अंडें अडण्याचें एक कारण आहे. याशिवाय खुराडें विहिरीपलीकडे, फणसाच्या गर्द सावलींत. ऊन मिळेना, म्हणजे चुना अंगीं लागण्यास हवें तें ड जीवनसत्त्वहि कमी.

डॉक्टरांच्या सल्ल्यानें आम्हीं हे पालट केले. मुख्य आहार अंड्यावरील कोंबड्यांचें तयार खाद्य. त्यांत साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतें. तेंच खाद्य पिलांस घालूं नये. इतक्या चुन्यानें त्यांचे मूत्रपिंड बिघडतात. निराळ्या वाडग्यांत शिंपल्यांचा जाडसर चुरा सदैव ठेवावा. जाड चुरा पोटांत सावकाश विरघळतो व रात्रीं, नेमका हवा तेव्हां, उपयोगी पडतो. भात-पोळी चिमूटभर. पाणी ताजें. आणि खुराडें सकाळच्या उन्हांत हलविलें.

अंडें न देणारी प्रत्येक कोंबडी आजारीच असते असें नाहीं. पिसें झडण्याच्या काळांत अंडीं बंद पडतात. भरपूर अंड्यांसाठीं दिवसाचा १४ ते १६ तास उजेड लागतो. आपल्याकडे मार्गशीर्ष-पौषांत दिवस सुमारें ११ तासांचा, म्हणून तेव्हां अंडीं घटतात. दुसऱ्या वर्षानंतर तीं वर्षागणिक कमीच होत जातात. पाळीव कोंबडीचा पूर्वज जो तांबडा रानकोंबडा, त्याची मादी वर्षाकांठीं १०-१५ अंडीं देते. माणसानें निवडून निवडून तयार केलेल्या जाती ३०० देतात. एवढा खर्च ज्या देहावर आपण लादला, त्यानें कधीं कुरकुर केली तर नवल नाहीं.

चंद्री हल्लीं आठवड्यास एखादें अंडें देते. कधीं तेंहि नाहीं. गेल्या महिन्यांत थोरल्या बंधूंनीं खाद्याचा व अंड्यांचा हिशेब मांडून विचारलें, ही कोंबडी ठेवावयाची कशाला? पुतण्यानें मान खालीं घातली. मातोश्री जप थांबवून म्हणाल्या, “या घरांत मिळवतीं थोडीं आणि जेवणारीं पुष्कळ, असेंच आजवर चाललें आहे. तुझ्या आत्यानें काय अंडीं दिलीं होतीं?” बंधूंनीं वही मिटली. मातोश्रींनीं अंडें आजतागायत चाखलेलें नाहीं. परंतु शिंपल्यांचा चुरा संपत आला कीं, त्याची आठवण घरांत प्रथम त्याच करतात.