पडलेला उंदीर, वाचलेला उंदीर

परवा माळ्यावर मेलेला उंदीर सापडला. नातू शेपटीला हात घालणार, तोच मी असा ओरडलो की शेजारच्या काकू धावत आल्या. खरं तर ते ओरडणं आजीचं होतं. आजी हुक्केरीकडची, कानडी बोलणारी. "इली बिद्दाव" म्हटलं की तिचा चेहरा उतरायचा. तिच्या लहानपणी घरात उंदीर पडू लागले, की लोक कुलपं घालून रानात झोपड्या बांधून राहायचे.

1896 साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत आपल्या बेळगाव-धारवाडकडेही पसरला. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा गार पडलेलं अंग सोडून माणसाकडे येतात. म्हणजे आजीची भीती शास्त्राला धरूनच होती.

पण न मेलेल्या उंदरांचं काय? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेत मुंबईचे आणि मद्रासचे उंदीर घेऊन त्यांना प्लेगचे जंतू टोचले. मद्रासला प्लेग फारसा शिरलाच नव्हता. तिथले उंदीर पटापट मेले, मुंबईचे मात्र बरेच जगले. साथीमागून साथ येऊन कच्चे उंदीर मरून गेले होते, उरली ती चिवट जात.

शिवाय जो उंदीर प्लेग होऊन वाचतो, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. जंतू गेले तरी ती काही काळ राहतात. तंबाखू काढून नेला तरी रानात खुंट उभे असतात ना, तसंच. खुंट बघून पीक कोणतं होतं ते कळतं. म्हणून आपल्याच राज्यात, कोलारच्या बाजूला तीन राज्यांच्या सीमेवर, सरकारी पथकं सापळे लावून रानउंदीर धरायची आणि त्यांचं रक्त तपासायची. माणूस आजारी पडायच्या आधी रोग कुठं फिरतोय, ते असं कळतं. कारण चिवट उंदीर असतील तिथं ते पडतातच असं नाही, आणि आजीची खूण तिथं चुकते.

1994 ला बीड जिल्ह्यातल्या मामल्यात मात्र खूण बरोबर ठरली होती. आधी पिसवांचा त्रास, उंदीर पडलेले, मग माणसांना गाठी. आता वेळेत औषध मिळालं तर प्लेग बरा होतो, ही गोष्ट आजीच्या काळी नव्हती.

एक मात्र आमच्या गल्लीत कुणी ऐकत नाही. प्लेगची शंका असेल, तर आधी बिळांत पिसवा मारायची पावडर टाकायची, उंदरांचं विष नंतर. उलटं केलं तर उंदीर मरतात आणि उपाशी पिसवा आपल्या अंथरुणात येतात.

आमचा उंदीर बहुधा शेजारच्या विषानंच मेला असावा. तरीही चिमट्यानं उचलून परसात खोल पुरला. नातू लांब उभा राहून विचारत होता, "अज्जा, ह्याचं रक्त नाही तपासायचं?"