घरातली कळ कोणाच्या हाती?

नरकचतुर्दशीच्या पहाटे सातारा-सांगलीकडच्या घराघरांतून पूर्वी तांब्याचे बंब पेटत. बंबात ढलप्या किती घालायच्या आणि पहिले पाणी कोणासाठी काढायचे, हे घरातली आजी ठरवीत असे. आज पुष्कळ घरांत बंबाच्या जागी विजेचा गिझर आला आहे. आणि तो केव्हा तापावा, केव्हा थांबावा, हे ठरविण्याचा अधिकार आता दूरच्या एखाद्या संगणकाला द्यावा, असा विचार वीजक्षेत्रात जोर धरू लागला आहे. या विचाराला माझा सरसकट विरोध नाही. माझा विरोध आहे तो हा अधिकार न विचारता आणि फुकट घेण्याला.

या विचारामागची निकड खरी आहे. वीज ही धान्यासारखी कणगीत भरून ठेवण्याची वस्तू नव्हे. बॅटऱ्या निघाल्या आहेत, पण साऱ्या राज्याच्या भुकेपुढे त्या अजून तोकड्याच. ज्या क्षणी मागणी, त्याच क्षणी निर्मिती झाली पाहिजे. हा तोल ढळला की सेकंदाला 50 आवर्तनांचा ठेका चुकतो. फारच ढळला तर 31 जुलै 2012 रोजी उत्तर आणि पूर्व भारतात झाले तसे होते. साठ कोटींहून अधिक लोकवस्तीचा मुलूख त्या दिवशी विजेला मुकला.

आपल्या राज्याचा हा तोल सांभाळण्यात मोठा वाटा आहे तो सातारा जिल्ह्यातल्या कोयनेचा. शिवसागराचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पोफळीकडे उतरते आणि वीज देऊन कोकणात जाते. 1962 साली सुरू झालेल्या या प्रकल्पाची क्षमता आज 1,960 मेगावॉट आहे. कोळशाचे केंद्र थंडावले तर पुन्हा तापायला तास लागतात. पाण्याचे चक्र मिनिटांत फिरते. म्हणून संध्याकाळी दिवे लागले की राज्य कोयनेकडे पाहते. पण कोयना तरी किती ताणायची? पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर कृष्णा लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे. आणि इकडे टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या योजनांवर डोळे लावून सांगलीचे दुष्काळी तालुके बसलेले असतात. त्यात आता सौरऊर्जेची भर पडली. दुपारी वीज उतू जाते, आणि सूर्य मावळला की नेमकी गरजेच्या वेळी आटते.

मग दुसरी कोयना आणायची कोठून? संगणकवाले म्हणतात, तुमच्या घरातून! त्यांचे गणित साधे आहे. एक गिझर 2 किलोवॉटचा धरला, तर दहा लाख गिझर एका वेळी थांबले की 2,000 मेगावॉट वाचले. म्हणजे अख्खी कोयना! गिझर, वातानुकूलन यंत्र, विजेची मोटार, घरची बॅटरी ही सारी इंटरनेटने जोडायची. मागणी चढली की संगणकाने काहींना थोडा वेळ थांबवायचे, उतरली की पुन्हा चालवायचे. ही कल्पना हवेतली नाही. 5 एप्रिल 2020 च्या रात्री 9 वाजता देशाने नऊ मिनिटे दिवे मालवले, तेव्हा मागणी सुमारे 31,000 मेगावॉटने कोसळली आणि जलविद्युत केंद्रांनी ती कसरत निभावली. घरच्या बटणात केवढे बळ आहे, हे त्या रात्री दिसले. 2023 साली मुंबईत टाटा पॉवरने ऑटोग्रिडच्या साहाय्याने 55,000 घरगुती ग्राहकांना अशा योजनेत घेण्याचे जाहीर केले.

इथवर सारे ठीक. परंतु इथेच माझ्यातला सांगलीकर सावध होतो. कारण विजेचा तोल सावरण्यासाठी सामान्य माणसाला वाकवण्याचा प्रयोग आमच्याकडे नवा नाही. तो आमच्या शेतकऱ्यावर कित्येक वर्षे चालत आला आहे. दिवसा 8 तास किंवा रात्री 10 तास, अशी शेतीपंपांची पाळी कशासाठी होती? रात्री शहर झोपते, मागणी उतरते, कोळशाची केंद्रे मात्र बंद करता येत नाहीत. मग ती वीज पचवायला ऊस आणि द्राक्षबागा आहेतच! शिराळ्याचा, कराडचा शेतकरी बिबट्याच्या वाटेवर, हातात बॅटरी घेऊन, गुडघाभर चिखलात दारे धरीत राहिला. साऱ्या राज्याचा तोल त्याने सांभाळला. त्याला कोणी विचारले? त्या जागरणाचा मोबदला कोणत्या बिलात मांडला?

शेतकऱ्याला वीज स्वस्त दिली, 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना फुकट दिली, असे यावर सांगतात. पण ही सवलत दिवसा पाणी पाजणाऱ्याला आणि रात्री पाजणाऱ्याला सारखीच! मग तो रात्रीचा मोबदला कसा? सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीला दिवसा वीज देण्याचे काम चालू आहे, हे चांगलेच. पण ते घडायला स्वस्त सौरऊर्जा यावी लागली, शेतकऱ्याची झोप पुरेशी ठरली नाही. कोयनेचे तरी दुसरे काय झाले? धरण उभे राहिले, राज्य उजळले, आणि धरणग्रस्तांची पुढची पिढीही पुनर्वसनासाठी उपोषणाला बसली. आधी घ्यायचे आणि हिशेब मागाहून पाहू म्हणायचे, ही आमच्याकडची जुनी रीत आहे.

म्हणून नवा मीटर दिसला की काठी उगारणाऱ्यांच्या भीतीला मी हसत नाही. पण त्यांच्या पंक्तीलाही बसत नाही. मीटर फोडून संध्याकाळची तूट भरत नाही. ती महागड्या विजेने भरावी लागते आणि शेवटी त्यांच्याच बिलात उतरते. मागावयाचे ते निराळेच आहे. माझा गिझर थांबवायचा तर आधी विचारा. दर थांबण्याला किती पैसे, ते बिलावर स्वतंत्र ओळीत लिहा. 2023 च्या केंद्रीय नियमांनी सूर्यप्रकाशाच्या तासांतली वीज निदान 20 टक्के स्वस्त ठेवायला सांगितले आहे; तोच न्याय संध्याकाळी माघार घेणाऱ्यालाही लावा. घरात म्हातारे माणूस आजारी आहे, पाहुणे आले आहेत, किंवा नुसती इच्छा नाही, म्हणून 'आज नाही' म्हणण्याची मुभा दंडाविना ठेवा. आणि आमचे घर केव्हा उठते, केव्हा निजते, केव्हा कुलूपबंद असते, ही मीटरला कळलेली गोष्ट आमच्या संमतीवाचून तिसऱ्याच्या कानावर घालू नका.

या अटी कोणाला जड वाटत असतील, तर त्यांनी एवढेच आठवावे की कारखान्याशी वीज कमी करण्याचा करार करताना लेखी कागद करतात, दर ठरवतात, सही घेतात. घराला आणि शेताला तेवढा मान का नसावा? दहा लाख घरे मिळून जर दुसरी कोयना होणार असेल, तर त्या कोयनेचे मालकही दहा लाख आहेत. त्यांच्याशी मालकाशी बोलावे तसे बोला. पहाटेच्या पाण्यासाठी घटकाभर थांबायला आमच्या आज्या मुळीच कुरकुरणार नाहीत.