विषयांच्या सांध्यावर

पाचवी संपते आणि ‘परिसर अभ्यास’ नावाचे पुस्तक दप्तरातून नाहीसे होते. त्याच्या जागी सहावीत तीन पुस्तके येतात: सामान्य विज्ञान, भूगोल, इतिहास व नागरिकशास्त्र. मोठ्या माणसांना हा बदल किरकोळ वाटतो, मुलाच्या दृष्टीने तो फार मोठा असतो. कालपर्यंत गावातली विहीर ही एकच वस्तू होती. आता तिचे पाणी विज्ञानाकडे जाते, कातळ भूगोलाकडे आणि खोली गणिताकडे. तिचा गाळ कोणी उपसायचा, हा प्रश्न नागरिकशास्त्राच्या वाट्याला येतो. प्रत्येक विषयाचे शिक्षक वेगळे, वही वेगळी, परीक्षेचा दिवसही वेगळा. विहीर मात्र होती तिथेच असते.

सहावी ते आठवी या तीन वर्षांना कायद्याच्या भाषेत उच्च प्राथमिक म्हणतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 11 ते 14 वयाचा हा टप्पा स्वतंत्र मानला आहे. तरीही आपल्या चर्चेत या वर्गांना फारसे स्थान नाही. पहिलीच्या वाचनावर आपण बोलतो, दहावीच्या निकालावर तर महिनाभर बोलतो. मधल्या तीन वर्षांकडे नजर जाते ती शिष्यवृत्ती परीक्षेपुरती. प्रत्यक्षात अभ्यासाची जात इथेच बदलते. सहावीत संख्या शून्याच्या खाली उतरतात आणि समीकरणात संख्येच्या जागी अक्षर येते. सातवीत पायथागोरस भेटतो. आठवीत कळते की काही संख्या अपूर्णांकात मांडताच येत नाहीत. भूगोल वृत्तजाळीपासून निघून समोच्च रेषांवरून नकाशाप्रमाणापर्यंत येतो.

इतिहास व नागरिकशास्त्राच्या पुस्तकात तर एक सुंदर रचना दडलेली आहे. नागरिकशास्त्र सहावीत ग्रामपंचायतीपासून निघते, सातवीत संविधानाशी थांबते आणि आठवीत संसदेपर्यंत पोहोचते. म्हणजे ते डोळ्यांसमोरच्या गोष्टीकडून दूरच्या गोष्टीकडे जाते. इतिहास नेमका उलटा चालतो: सहावीत हडप्पा, सातवीत मध्ययुग आणि शिवकाल, आठवीत स्वातंत्र्यलढ्यावरून महाराष्ट्र राज्याची निर्मिती. दुरून निघून तो आजोबांच्या आठवणीपर्यंत येतो. एकाच पुस्तकातले हे दोन प्रवाह आठवीत एकमेकांना भेटतात. हे मुलांना कोणी सांगते का, हा प्रश्न आम्हाला पडतो. बहुतेक ठिकाणी इतिहासाचे पाठ आधी उरकले जातात आणि नागरिकशास्त्र उरलेल्या तासिकांत बसवले जाते.

आमचे म्हणणे सरळ आहे. या तीन वर्षांत विषय वेगळे होणे आवश्यकच आहे, कारण प्रत्येक विषयाची विचार करण्याची रीत वेगळी असते आणि ती वेगळी शिकावी लागते. पण वेगळे झालेले विषय कुठे पुन्हा जुळतात, हे शिकवण्याचे काम कोणत्याही शिक्षकाच्या वाट्याला दिलेले नाही. मुलांच्या मनात टिकणारे ज्ञान पुष्कळदा त्या सांध्यावरच तयार होते.

पहिला सांधा भाषेचा. सातवीच्या विज्ञानात ‘गती, बल व कार्य’ असा पाठ आहे. कार्य हा शब्द मुलाने घरी ऐकलेला असतो तो लग्नकार्यात किंवा घरात कार्य निघाले तेव्हा. विज्ञान त्याला सांगते की हमाल डोक्यावर पोते घेऊन तासभर नुसता उभा राहिला, तर त्याने पोत्यावर शून्य कार्य केले, कारण पोते हललेच नाही. घाम गाळणाऱ्या माणसाच्या वाट्याला शून्य येते, हे मुलाला पटत नाही, आणि न पटणे रास्तच आहे. इथे मराठीच्या शिक्षकाने पुढे यायला हवे. एकच शब्द घरात, बाजारात आणि शास्त्रात वेगवेगळी कामे कशी करतो, हा भाषेचाच धडा आहे. बल, दाब, ऊर्जा, उष्णता हे सारे शब्द बोलीतून उचलून शास्त्राने आखून घेतलेले आहेत. सेमी इंग्रजीच्या वर्गात ही अडचण दिसत नाही, पण ती असतेच. तिथे ‘वर्क’ हा शब्द मुलाच्या घरातला नसतो, म्हणून तो पाठ होतो आणि खटकत नाही. न खटकलेला शब्द कळला असेलच, असे नाही. गणिताच्या शाब्दिक उदाहरणांतही तेच होते. ‘पेक्षा’, ‘पट’, ‘ने कमी’ या छोट्या शब्दांपाशी मूल अडते आणि आपण त्याचे गणित कच्चे आहे असे म्हणतो.

दुसरा सांधा समुद्रकाठचा. सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा पाठ आहे. त्यात अमावस्या-पौर्णिमेची उधाणाची भरती येते आणि अष्टमीची भांगाची. अलिबाग किंवा मालवणच्या कोळ्याच्या मुलाला हे शब्द पुस्तकाने शिकवावे लागत नाहीत. त्याच्या घरी आणखी एक हिशेब चालत आलेला असतो: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती.

हा हिशेब का जमतो? तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या अंतराचे 12 अंश. आठवीच्या भूगोलात स्थानिक वेळेच्या पाठात मूल शिकते की पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटे लागतात. बारा चोक अठ्ठेचाळीस. म्हणजे दर तिथीला भरती सुमारे 48 मिनिटांनी पुढे सरकते. पाऊण तास म्हणजे 45 मिनिटे. जुन्या माणसांच्या तोंडी पाऊणकीचा पाढा होता, म्हणून त्यांनी बहुधा तीन मिनिटे सोडून दिली. पंधराव्या तिथीला मात्र ही सुटलेली मिनिटे पाऊण तासाची होतात: पाऊणपटीने सव्वाअकरा येतात, अठ्ठेचाळिसाच्या हिशेबाने बारा. सहावीचा अपूर्णांकांचा गुणाकार, सातवीची भरती-ओहोटी, आठवीची स्थानिक वेळ आणि भिंतीवरचे पंचांग, सगळे या एका प्रश्नात आले. सहसा घरातल्या ज्ञानाचे दोनच शेवट होतात: शाळा त्याला अडाणीपणा ठरवते, नाहीतर गौरवून मखरात बसवते. इथे ते तपासले गेले, किती बरोबर आणि कुठे सैल हे ठरले. वैज्ञानिक वृत्ती म्हणतात ती याहून फार वेगळी नाही.

तिसऱ्या सांध्यावर थोडे अधिक थांबावेसे वाटते. सहावी-सातवीत मुले सरळव्याज शिकतात, आठवीत चक्रवाढ. मुद्दल, दर, मुदत, रास. सूत्रात संख्या घालायच्या आणि उत्तर काढायचे. त्याच आठवीच्या इतिहासात ब्रिटिश राजवटीत शेतकरी कर्जबाजारी कसा झाला, हे येते. दोन्ही पाठ एकाच वर्षी, एकाच वर्गात, आणि दोघांची गाठ पडत नाही.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजाराच्या गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे हिसकावून जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. लोकांनी जाळला तो कागद. का, याचे उत्तर गणितात आहे. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीनच वर्षे ग्राह्य ठरवला. व्याज वर्षानुवर्षे तुंबू नये, असा हेतू होता. सावकारांनी त्यातून वाट काढली: दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायचा आणि त्यात थकलेले व्याज मुद्दलात मिळवायचे. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे 1861 ते 1865 मध्ये, कापसाला भाव आला आणि कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले, सावकारांनी हात आखडला, आणि त्यातच शेतसारा वाढला.

आठवीच्या मुलांना फळ्यावर हे करून पाहू द्यावे. मुद्दल 100 रुपये, दर समजा दर साल दर शेकडा 25. नऊ वर्षांचे सरळव्याज 225, रास 325. आता रोखा दर तीन वर्षांनी बदला. पहिल्या तीन वर्षांनी 175. हेच नवे मुद्दल. पुढच्या तीन वर्षांनी 306 रुपये 25 पैसे. आणखी तीन वर्षांनी जवळजवळ 536. दर तोच आणि वर्षे तेवढीच, फक्त कागद दोनदा बदलला, आणि देणे 211 रुपयांनी वाढले. आपल्याकडच्या जुन्या दामदुपटीच्या नियमाने व्याज मुद्दलापेक्षा अधिक घेता येत नसे, म्हणजे हे देणे 200 वर थांबले असते. सुप्याला काय जळत होते, ते या हिशेबानंतर वेगळे सांगावे लागत नाही. आणि ज्याने त्या रोख्यावर अंगठा उठवला त्याला तो वाचता येत नव्हता, हा भाषेचा धडा पुन्हा इथेही आहेच. 1879 मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला. महात्मा फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यानंतर थोड्याच वर्षांत, 1883 साली पुरा झाला.

चक्रवाढीचे सूत्र पाठ असलेला मुलगा परीक्षेत गुण मिळवतो. हा हिशेब एकदा हाताने केलेला मुलगा उद्या मोबाइलवर कर्ज देणाऱ्या अ‍ॅपच्या अटी वाचताना थबकेल, अशी आशा धरता येते.

ही कल्पना नवी नाही, आणि परकी तर मुळीच नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम पुढे आली. सर्व विषय एखाद्या हस्तोद्योगाशी जोडून शिकवण्याच्या तिच्या पद्धतीला समवाय हा नेमका शब्द आपल्याकडे रुळला होता. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तोही हाताने काम करत शिकण्याच्या विचारातून. या प्रयत्नांतली एक अडचणही मान्य करायला हवी. सगळे काही सूत कताईला जोडायचे ठरले की ओढाताण होते. प्रत्येक पाठाला सांधा असतोच असे नाही. बैजिक राशींचे अवयव पाडण्याचा सराव हा निव्वळ सराव म्हणूनच करायचा असतो. वर्षाकाठी प्रत्येक इयत्तेत असे पाच-सहा सांधे नीट साधले तरी पुष्कळ.

यावर एक गंभीर आक्षेप येईल. 2024 च्या ‘असर’ अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या आठवीच्या निम्म्याहून कमी मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येते. तेव्हा आधी भागाकार येऊ द्या, सांधे मग पाहू, असे शिक्षक म्हणतील. त्यांची तळमळ खरी आहे आणि सरावाला पर्याय नाही हेही खरे. पण ज्या मुलाला सहा वर्षे भागाकार आला नाही, त्याला सातव्या वर्षी तीच उदाहरणे त्याच रीतीने देऊन तो येईल, असे मानायला आधार नाही. भागाकार कशासाठी करायचा, हे एकदा दिसले तर तो करून पाहण्याची निदान इच्छा तरी होते.

शिक्षण हक्क कायद्याने या वर्गांना वर्षाला 220 दिवस आणि 1000 तास ठरवून दिले आहेत. प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक, आणि त्यांत विज्ञान-गणिताला, सामाजिक शास्त्रांना आणि भाषांना किमान एकेक, असा दंडक आहे. जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळेत तीन शिक्षक तिन्ही वर्ग सांभाळतात. ती आपल्याला नेहमी उणीव वाटते, पण या एका बाबतीत ती जमेची बाजू आहे: गणित आणि विज्ञान एकाच बाई शिकवत असतील तर सांधा त्यांच्या डोक्यात आपोआप असतो. अडचण मोठ्या शाळांची आहे. तिथे एकाच तुकडीला शिकवणारे सात-आठ शिक्षक त्या तुकडीबद्दल कधी एकत्र बसत नाहीत; बसतात ते निकालपत्रके भरायला. सत्राच्या सुरुवातीला एक दुपार त्यांनी पाठांच्या याद्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर कोणता पाठ मागेपुढे सरकवायचा ते तासाभरात दिसेल. घटक चाचणीत दोन विषयांचा मिळून एक प्रश्न घालायला कोणाच्या परवानगीची गरज पडू नये.

नव्या धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत, स्थानिक कारागिरांकडे जाऊन काम पाहण्यासाठी आणि करण्यासाठी. ते सहलीत किंवा स्नेहसंमेलनाच्या तयारीत जाऊ नयेत. गवंडी पायाची आखणी करताना तीन, चार, पाचाच्या मापाने काटकोन जुळवतो, गुण्या लावतो, ओळंबा सोडतो. सातवीच्या मुलांनी पायथागोरसचा पाठ झाल्यावर त्याच आठवड्यात तिथे उभे राहायला हवे. सहा महिन्यांनी गेली तर ती फक्त बांधकाम पाहतील.

पाठ्यपुस्तकांकडूनही अपेक्षा आहे. मधल्या काळात, 2023-24 मध्ये, दप्तराचे ओझे कमी करण्यासाठी सगळे विषय एका पुस्तकात घालून त्याचे चार भाग केले होते. विषय एका पुठ्ठ्यात आले, पाठ होते तिथेच राहिले. राज्याचा नवा अभ्यासक्रम 2025-26 पासून पहिलीत आला आहे आणि मधल्या इयत्तांची पुस्तके यायची आहेत. ती लिहिताना विषय समित्यांनी एकमेकांचे कच्चे मसुदे वाचावेत, एवढे तरी व्हावे. आठवीच्या चक्रवाढ व्याजाच्या पाठात कर्जरोख्याचा एक साधा नमुना छापता येईल, त्याखाली मुलांना हिशेब मांडायला अर्धे पान कोरे ठेवता येईल, आणि शिक्षकासाठी एक ओळ: हा तास इतिहासाच्या शिक्षकांसोबत घ्यावा.