गाइड जुने, औषधे नवी

डी. फार्म. म्हणजे औषधनिर्माणशास्त्राची दोन वर्षांची पदविका. वर्ग, मंडळाची परीक्षा, पाचशे तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि मग राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी, असा हा रस्ता वर्षानुवर्षे ठरलेला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये भारतीय फार्मसी परिषदेने या रस्त्यावर आणखी एक नाके बसवले. पदविका हातात आली तरी नोंदणीआधी ‘एक्झिट परीक्षा’ उत्तीर्ण व्हावी लागेल, असा तो नियम. पेपर तीन, प्रश्न बहुपर्यायी, भाषा इंग्रजी. तिन्ही पेपरांत प्रत्येकी किमान ५० टक्के गुण हवेत, आणि तेही एकाच वेळी. दोन पेपर सुटले आणि तिसरा राहिला, तर पुन्हा तिन्ही द्यायचे. किती वेळा बसायचे यावर मात्र बंधन नाही. बी. फार्म. झालेल्यांना ही परीक्षा लागू नाही.

वैद्यकीय प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाने तिच्यासाठी ३, ४ आणि ५ ऑक्टोबर २०२४ या तारखा जाहीर केल्या होत्या. परीक्षा पुढे ढकलली गेली. पुस्तकांचा बाजार मात्र थांबला नाही. ‘एक्झिट’ हा शब्द ठळक छापलेली गाइडे, हजारो प्रश्नांच्या पेढ्या, मोबाइलवरचे सराव-संच आणि टेलिग्रामवर फिरणाऱ्या पीडीएफ यांचा ढीग विद्यार्थ्यापुढे आहे. यातले काय घ्यायचे, हा प्रश्न वरवर विद्यार्थ्याचा खासगी वाटतो. पण औषधाच्या दुकानात काउंटरच्या अलीकडे उभे राहणाऱ्या प्रत्येकाचा त्याच्याशी संबंध आहे.

सालवडचेच पाहा. बोईसर आणि तारापूर औद्योगिक वसाहत यांच्या कुशीत वाढलेले हे गाव. शिवाजीनगरच्या चाळींत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेला कामगार राहतो. आसपासच्या पाड्यांवरून वारली, मल्हार कोळी कुटुंबे बाजाराला येतात. पाळी चुकवून सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभे राहायचे म्हणजे दिवसाची मजुरी गेली. त्यामुळे ताप, खोकला, अंगाची खाज यांसाठी पहिली पायरी असते ‘मेडिकल’ची. तिथे उभ्या असलेल्या माणसाला जे ठाऊक असते तेवढाच पहिला सल्ला रुग्णाला मिळतो. गंमत अशी, की ज्या वसाहतीत औषधांचा कच्चा माल बनवणारे कारखाने आहेत, तिच्याच वेशीवर औषध नीट समजावून देणारा माणूस शोधावा लागतो.

परीक्षेची गरज का वाटली असावी, हेही त्यातून कळते. नवी फार्मसी महाविद्यालये काढण्यावर परिषदेने २०१९ मध्ये पाच वर्षांची बंदी घातली होती. बंदीचा हा ठराव कायद्यात बसत नाही, असा निकाल सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि नव्या महाविद्यालयांची दारे उघडली. महाविद्यालये वाढली की शिक्षणाचा दर्जा सारखा राहत नाही, हे सांगायला तज्ज्ञ नको. त्यात परवान्यावर नाव एकाचे आणि काउंटरवर दुसराच, ही जुनी दुखणी आहेतच. नोंदणीकृत फार्मसिस्टखेरीज कुणी चिठ्ठीवरचे औषध देऊ नये, असे १९४८ च्या फार्मसी कायद्याचे ४२वे कलम सांगते. परीक्षेने ही चोरी थांबणार नाही. निदान ज्याचे नाव परवान्यावर आहे त्याला काय येते, ते कळेल.

आता पुस्तकांकडे. सगळ्यात मोठा घोळ अभ्यासक्रमाच्या नावातच आहे. डी. फार्म.चा जुना अभ्यासक्रम १९९१ च्या नियमांचा. २०२० मध्ये नवे नियम आले आणि सोशल फार्मसी, कम्युनिटी फार्मसी व व्यवस्थापन, फार्माकोथेरप्यूटिक्स असे विषय आले. एक्झिट परीक्षेच्या नियमांत मात्र विषयांची काही नावे जुन्या वळणाची आहेत. पहिल्या पेपरला फार्मास्युटिक्स, फार्माकॉलॉजी, फार्माकोग्नोसी; दुसऱ्याला फार्मास्युटिकल केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्री, हॉस्पिटल व क्लिनिकल फार्मसी; तिसऱ्याला फार्मास्युटिकल ज्युरिसप्रूडन्स आणि ड्रग स्टोअर मॅनेजमेंट. नव्या अभ्यासक्रमाचा विद्यार्थी ‘ड्रग स्टोअर मॅनेजमेंट’ शोधायला गेला की त्याच्या हाती १९९१ च्या साच्यातले पुस्तक पडते. खरे तर तो भाग आता कम्युनिटी फार्मसीच्या पुस्तकात आहे, आणि ज्युरिसप्रूडन्स म्हणजे आजचे ‘फार्मसी लॉ अँड एथिक्स’. हा जोडतक्ता विद्यार्थ्याने स्वतः एका कागदावर करून भिंतीला चिकटवला, तर दोन अनावश्यक पुस्तकांचे पैसे वाचतील. फार्माकोथेरप्यूटिक्स यादीत नावाने नाही, म्हणून सोडून देणे मात्र आत्मघाताचे. फार्माकॉलॉजी आणि क्लिनिकल फार्मसीचे निम्मे प्रश्न त्याच समजुतीवर सुटतात.

मुखपृष्ठावर ‘नवीन आवृत्ती’ असा शिक्का सगळ्याच पुस्तकांवर असतो. आत काय नवे आहे, हे दुकानात उभ्याउभ्या तपासता येते. कायद्याचे प्रकरण उघडावे आणि ‘शेड्यूल एच १’ शोधावे. ऑगस्ट २०१३ मध्ये ते अधिसूचित झाले आणि १ मार्च २०१४ पासून लागू झाले. सुरुवातीच्या ४६ औषधांत वरच्या पिढीतली प्रतिजैविके होती, क्षयरोगाची औषधे होती. ही औषधे विकताना डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण वेगळ्या नोंदवहीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षे ठेवायची. हे ज्या पुस्तकात नाही किंवा एका ओळीत उरकले आहे, ते पुस्तक खाली ठेवावे. २०१५ चे फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स आहेत का, तेही पाहावे. रुग्णाला सल्ला देणे हे फार्मसिस्टचे काम आहे, हे त्या नियमांनी कागदावर आणले.

दुसरी खूण त्वचेच्या मलमांची. मार्च २०१८ मध्ये चौदा स्टिरॉइड मलमांना ‘शेड्यूल एच’मध्ये आणले गेले, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत. त्याआधीच्या गाइडात बाहेरून लावायच्या मलमांबद्दलची जुनीच सवलत छापलेली सापडेल. हा मुद्दा तारापूरच्या आसपास पुस्तकी राहत नाही. दिवसभर उष्ण शेडमध्ये, घामाने चिकटलेल्या कपड्यांत काम करणाऱ्या माणसाला जांघेत नायटा होतो. स्टिरॉइडचे मिश्रण असलेली ट्यूब लावली की दोन दिवसांत खाज जाते. बुरशी मरत नाही, दबते. मग पसरते, आणि कातडी पातळ होऊन तिच्यावर भेगा उमटतात. असे रुग्ण सरकारी रुग्णालयाच्या त्वचाविभागात येतात तेव्हा हातात चार रिकाम्या ट्यूब असतात. जुन्या गाइडावर तयार झालेला फार्मसिस्ट पाचवी ट्यूब देईल आणि आपण नियमात आहोत असेच समजेल.

तिसरी खूण औषधांच्या याद्यांची. राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादी सप्टेंबर २०२२ मध्ये नवी आली, तीत ३८४ औषधे आहेत. रॅनिटिडीन त्या यादीतून वगळले गेले. यादीतून गेले म्हणजे बंदी आली असे नव्हे, आणि परीक्षकाला नेमका हाच फरक विचारायला आवडतो. निमेसुलाइडचे उलट. बारा वर्षांखालील मुलांना ते देण्यास २०११ पासून बंदी आहे. तरीही मुलांच्या तापाच्या औषधांत ते मांडणारी जुनी प्रश्नपेढी कुठे सापडली, तर तिचे उरलेले प्रश्न सोडवण्यात वेळ घालवू नये. ज्याने तेरा-चौदा वर्षे ती ओळ दुरुस्त केली नाही, त्याने बाकीचेही तपासलेले नसते.

फुकटच्या पीडीएफांमध्ये अमेरिकी परीक्षांची पुस्तके भरपूर असतात. छपाई सुंदर, प्रश्न कसलेले. पण तिथले औषधाचे नावच वेगळे. आपले पॅरासिटामॉल तिथे अ‍ॅसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल, पेथिडीन तिथे मेपेरिडीन. कायदा तर पूर्ण निराळा. तिथे काउंटरवर खुले मिळणारे औषध इथे चिठ्ठीचे असू शकते. हुशार विद्यार्थ्याने फार्माकॉलॉजीची समज वाढवायला ही पुस्तके जरूर चाळावीत, पण तिसऱ्या पेपरसाठी ती उघडूही नयेत. जीपॅटची पुस्तके हा दुसरा मोह. ती परीक्षा एम. फार्म.च्या प्रवेशाची, बी. फार्म. झालेल्यांसाठी. रसायनशास्त्रातल्या तिच्या खोलीला डी. फार्म.चा विद्यार्थी बिचकतो आणि ‘आपल्याला जमणार नाही’ म्हणून पुस्तकच मिटतो. ती खोली त्याच्याकडून अपेक्षितच नाही.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याची आणखी एक सवय आड येते. तंत्रशिक्षण मंडळाच्या उन्हाळी-हिवाळी प्रश्नपत्रिका आणि त्यांची आदर्श उत्तरे यांवर तो पोसलेला असतो. व्याख्या लिहा, फरक सांगा, आकृती काढा. तिथे अर्धे आठवले तरी अर्धे गुण मिळतात. बहुपर्यायी प्रश्नात अर्धवट माहितीच फसवते, कारण चार पर्यायांतले दोन मुद्दाम जवळचे ठेवलेले असतात. म्हणून प्रश्नपेढी निवडताना एकच कसोटी पुरेशी धरावी: बरोबर उत्तर का बरोबर, आणि उरलेले तीन का चूक, हे तिने सांगितले आहे का? नुसते ‘उत्तर : ब’ छापलेले दहा हजार प्रश्न घोकण्यापेक्षा स्पष्टीकरणासह आठशे प्रश्न बरे.

उदाहरणार्थ मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ‘आठवड्यातून एकदा’ हे उत्तर पाठ करणारा विद्यार्थी गुण मिळवेल. रोज घेतले तर अस्थिमज्जा दबते, रक्तपेशी घटतात, तोंड येते आणि जीवही जाऊ शकतो, हे ज्याने वाचले आहे तो चिठ्ठीवरचे अक्षर अस्पष्ट दिसताच डॉक्टरला फोन लावेल. रिफॅम्पिसिनचेही तसेच. लघवी केशरी होते, हे सगळ्यांना पाठ असते. ते न सांगितल्याने घाबरून गोळ्या सोडणारे रुग्ण असतात, आणि हेच औषध गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करते, हे बाईला सांगायला हवे, हे किती गाइडांत सापडते?

गणिताला तर बहुतेक गाइडे दोन पानांत उरकतात. ही सगळ्यात महाग पडणारी काटकसर. साधा प्रश्न घ्या. दहा किलो वजनाच्या मुलाला पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम द्यायचे आहे. एका वेळची मात्रा झाली १५० मिलिग्रॅम. ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे हे ६ मिलिलिटर होतात. २५० मिलिग्रॅमच्या सिरपचे फक्त ३. आणि १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेले ड्रॉप्स असतील तर दीडच. तीन बाटल्या, तिन्हींवर तेच औषध, आणि आई विचारते एवढेच की ‘किती चमचे देऊ?’ ड्रॉप्स सिरपच्या मापाने दिले तर चौपट मात्रा पोटात जाते. ज्या पुस्तकात अशी पन्नास तरी उदाहरणे पायऱ्यांसह सोडवलेली आहेत, ते थोडे महाग असले तरी घ्यावे.

भाषेचा प्रश्न खरा आहे. परीक्षा इंग्रजीत, आणि सालवड-बोईसरकडून गाडीने कॉलेजला जाणाऱ्या अनेकांचे शालेय शिक्षण मराठीत, काहींचे आश्रमशाळेत झालेले. अशांनी समजून घ्यायला मराठीतला व्हिडिओ वा मराठी टिपण वापरण्यात काहीच कमीपणा नाही. सरावाचे प्रश्न मात्र इंग्रजीतूनच सोडवावेत. ‘नॉट’, ‘एक्सेप्ट’, ‘लीस्ट लाइकली’ असले शब्द नजरेतून सुटून जाणारे गुण बरेच असतात. शिकवणीवर्गाची फी भरण्याआधी त्यांच्या शेवटच्या सराव-पेपरातले दहा प्रश्न मागून पाहावेत आणि वरच्या तीन खुणा तिथेही लावाव्यात. ‘हमखास येणारे प्रश्न’ विकणाऱ्याला वाटेला लावावे.

मग घ्यायचे काय? दोन वर्षे वापरलेली २०२० च्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तके हाच पाया. ती विकून गाइड घेण्याची घाई बरेच जण करतात. त्यांच्या जोडीला एक चांगली प्रश्नपेढी, कायद्याचे एक अद्ययावत पुस्तक आणि अत्यावश्यक औषधांची यादी. भारतीय औषधकोश आयोगाची ‘नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया’, सहावी आवृत्ती, २०२१, कॉलेजच्या ग्रंथालयात असायला हवी. नसेल तर प्राचार्यांकडे मागावी. दुष्परिणाम कळवण्याचा आयोगाचा टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ हाही अभ्यासाचाच भाग आहे, आणि नोकरीचाही.

शेवटचे साहित्य कुठल्याच दुकानात मिळत नाही. ते पाचशे तासांच्या प्रशिक्षणात मिळते. पुष्कळदा हे तास सही-शिक्क्यात संपतात, विद्यार्थी खोकी उचलतो आणि बिले फाडतो. त्याऐवजी रुग्णाचे नाव न लिहिता रोजच्या पाच चिठ्ठ्या वहीत उतरवल्या, प्रत्येक औषधाचा गट, मात्रा, शेड्यूल, जेवणाआधी की नंतर आणि कशाबरोबर चालत नाही एवढे लिहिले, तर तीन महिन्यांत तीन-चारशे चिठ्ठ्यांची वही तयार होते. फ्रिजमधल्या इन्सुलिनचे तापमान २ ते ८ अंश ठेवायचे म्हणजे वीज गेल्यावर नेमके काय करायचे, मुदत आधी संपणारा माल पुढे कसा लावायचा, एच १ ची नोंदवही कोण भरते आणि ती खरेच भरली जाते का, हे त्याच वहीत येते. परीक्षेची नवी तारीख कधीही जाहीर होवो, ही वही त्याआधी पूर्ण झालेली असावी.