पहिली पोस्टडॉक : आधी विचारा तर!



गणपतीच्या कार्यक्रमात प्रसादाच्या रांगेत उभी होते. पुढच्या काकूंनी वळून विचारलं, "काय गं, तुझी डॉक्टरेट झाली ना? मग ही पोस्टडॉक आणखी कसली? अजून शिकतेच आहेस?" सगळे हसले, मीही हसले. माझ्या मागे एक मुलगा उभा होता. त्याचा प्रबंध डिसेंबरात सादर व्हायचा आहे. तो मात्र हसला नाही. पुढची जागा मिळालेली नाही, हे त्याने अजून घरी सांगितलेलं नाही, असं नंतर भांडी घासताना कळलं. म्हणून हा लेख. संपादकांनी दोन पानं दिली आहेत, ती पुरवून वापरते.

आधी काकूंच्या प्रश्नाचं उत्तर. पोस्टडॉक म्हणजे शिक्षण नव्हे, नोकरी. नेदरलँड्समध्ये पोस्टडॉक हा विद्यापीठाचा पगारी नोकर असतो. विद्यापीठांच्या सामूहिक करारातली बहुधा दहावी श्रेणी, सुट्ट्या आणि पेन्शन, सगळं रीतसर. फरक एवढाच, की ही नोकरी संपण्याची तारीख पहिल्याच दिवशी कागदावर असते. एक वर्ष, दोन वर्षं, फार तर तीन-चार. घर घेऊ का, मुलाला कुठल्या शाळेत घालू, हे सगळे प्रश्न त्या तारखेला टेकलेले असतात. तेव्हा हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही.

माझा विषय भौतिक रसायनशास्त्र. साबणाचे रेणू पाण्यात एकत्र येऊन पुंजके करतात, ते केव्हा आणि का, यावर मी पुण्यात प्रबंध लिहिला. या विषयाला नेदरलँड्ससारखं दुसरं माहेर नाही. उट्रेख्तला कलिलांचा अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. वाखेनिंगेनला भौतिक रसायन आणि मृदू पदार्थ, लायडनला पृष्ठभागांचं रसायन, नाइमेखेनला लेझर आणि रेणू, आम्स्टरडॅमला तर व्हान्ट हॉफच्या नावाची संस्थाच. एवढं सगळं तासा-दोन तासांच्या रेल्वेच्या अंतरात. मला वाटलं, अर्ज टाकायचा अवकाश, जागा मिळालीच!

तसं झालं नाही, आणि त्यात दोष बराचसा माझाच होता. मी कुणाला काही विचारलंच नाही.

पहिली चूक. मी नवऱ्याच्या परवान्यावर जुलैत इथे आले. त्याचा परवाना उच्चकुशल कामगाराचा. "डिपेंडंट" म्हटल्यावर मी स्वतःच ठरवून टाकलं, की मला काम करता येणार नाही. कितीतरी महिन्यांनी एका डच शेजारणीने माझं कार्ड उलटं करून दाखवलं. मागे लिहिलं होतं, की कामाला पूर्ण मोकळीक आहे, वेगळा परवाना लागत नाही. इतके महिने ते कार्ड माझ्या पर्समध्येच होतं!

दुसरी चूक त्याहून महाग पडली. युरोपीय संघाची मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी पोस्टडॉक शिष्यवृत्ती असते. तिचे अर्ज साधारणपणे सप्टेंबरात घेतात. अट अशी, की अर्जाच्या शेवटच्या तारखेआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. मी आले तेव्हाचा सप्टेंबर पडदे, भांडी आणि जुनी सायकल शोधण्यात गेला. पुढच्या सप्टेंबरात अर्ज काढून बसले, तेव्हा माझे १४ महिने भरले होते. दार बंद. आल्याबरोबर कुणाला विचारलं असतं, तर निदान अर्ज तरी गेला असता.

तिसरी चूक पत्रांची. "रिस्पेक्टेड सर, मी मेहनती व प्रामाणिक असून आपल्या नामवंत प्रयोगशाळेत संधी मिळाल्यास..." असं एकच पत्र, वरचं नाव बदलून, ४३ जणांना पाठवलं. दोन उत्तरं आली, दोन्ही नकाराची. आता मी स्वतः प्रयोगशाळेत बसते, तेव्हा तसली पत्रं समोरून पाहते. त्यांतली वाचली जात नाहीत, यात मला नवल वाटत नाही.

आता थोडं विषयांतर वाटेल, पण नाही. बारावीच्या पुस्तकातला व्हान्ट हॉफ गुणांक आठवतो? तो व्हान्ट हॉफ रॉटरडॅमचा, जन्म १८५२. १८७४ साली त्याने कार्बनचे चार बंध अवकाशात चार दिशांना असतात, असं सांगणारी छोटी पुस्तिका काढली आणि त्याच वर्षी उट्रेख्तला डॉक्टरेट घेतली. पुढे? नोकरी नाही. खासगी शिकवण्या करून दिवस काढले. १८७६ साली उट्रेख्तच्या पशुवैद्यकीय शाळेत साहाय्यकाची जागा मिळाली. १८७७ साली लाइपझिगच्या कोल्बे या बड्या प्राध्यापकाने जाहीरपणे त्याची टर उडवली : हा गुरांच्या शाळेतला माणूस, याला नेमकं संशोधन जमत नाही, म्हणून तबेल्यातला पंखांचा घोडा घेऊन उडतो आहे, अशा अर्थाची. पण तीच पुस्तिका वुर्त्सबुर्गच्या विस्लिसेनुस या दुसऱ्या प्राध्यापकाच्या मनात भरली होती. त्याच्या पुढाकाराने त्याच १८७७ साली तिचं जर्मन भाषांतर निघालं. १८७८ साली व्हान्ट हॉफ आम्स्टरडॅमला प्राध्यापक झाला. रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल, १९०१ सालचं, त्याचंच.

मी यातून एवढंच घेतलं, की कोल्बे प्रत्येकाला भेटतो. आपण शोधायचा असतो तो विस्लिसेनुस. आणि विस्लिसेनुस सापडला तो "मी मेहनती आहे" या वाक्याने नव्हे, पुस्तिकेतल्या विचाराने.

मग मी पत्र बदललं. महिन्याला चारच पत्रं. आधी त्या माणसाचे दोन-तीन शोधनिबंध नीट वाचायचे, मग त्यांतल्या एखाद्या आलेखावर खरोखर पडलेला प्रश्न विचारायचा. त्यानंतर मला काय येतं ते चार ओळींत. शेवटी सरळ विचारायचं : पैसे आहेत का? नसल्यास आपण मिळून कुठे अर्ज करू शकतो का? "पैशाचं कसं विचारायचं?" या संकोचात आपण वाढलो. डच माणसाला त्यात काहीच वावगं वाटत नाही, उलट न विचारणाऱ्याचं नवल वाटतं. पाचव्या महिन्यात एका प्राध्यापकांनी लिहिलं, माझ्याकडे पैसे नाहीत, पण तुमचा प्रश्न चांगला आहे, शेजारच्या गटाला विचारा. त्या शेजारच्या गटात मी दोन वर्षं काम केलं.

कुणी म्हणेल, "हे सगळं ठीक, पण ओळखीशिवाय काही होत नाही." अर्धं खरं आहे. ओळख लागते. पण ती जन्मजात नसते, विचारूनच होते. वेल्डहोवेनला डिसेंबरात रसायनशास्त्रज्ञांची चेन्स परिषद भरते. तिथे पोस्टरसमोर उभं राहून विचारलेला एक प्रश्न शंभर पत्रांना भारी ठरतो. आणि नामवंत पत्त्याचा हट्टही नको. डॉ. रघुनाथ माशेलकर १९६९ साली मुंबईत डॉक्टरेट होऊन इंग्लंडमध्ये गेले ते सॅलफर्डला, ऑक्सफर्डला नव्हे. १९७६ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले आणि पुढे तिचे संचालक झाले.

तरीही खोटी आशा दाखवत नाही. चांगलं पत्र लिहूनही नकार येतात. जागा थोड्या, इच्छुक फार. म्हणून घरातही विचारा. नवरा-बायकोने बसून ठरवावं : किती महिने शोधायचं, कोणत्या गावापर्यंत जायचं, मुलांचं कोण बघणार, आणि त्या मुदतीनंतर कंपनीतली नोकरी धरायची का. ती धरली म्हणजे विद्या वाया गेली असं कुणी म्हणू नये. कलिलांच्या स्थैर्याच्या ज्या सिद्धान्तावर आम्ही वाढलो, त्याचं १९४८ सालचं पुस्तक लिहिणाऱ्या दोघांपैकी फेरवे हे फिलिप्स कंपनीचेच होते.

इथे डॉक्टरेट करणाऱ्या मुलांसाठी दोन गोष्टी. डॉक्टरेटनंतर तीन वर्षांच्या आत एका वर्षाचा "झूकयार" म्हणजे शोधवर्षाचा परवाना मागता येतो. जुना परवाना संपेपर्यंत थांबू नका. आणि करार संपल्यावर मिळणारा बेकारभत्ता म्हणजे भीक नव्हे. तुम्ही इथे नोकरी केलीत, तो तुमचाच विमा आहे. शेवटच्या ३६ आठवड्यांपैकी २६ आठवडे काम ही त्याची मुख्य अट. नियम बदलत असतात, तेव्हा अर्जाआधी त्या त्या कार्यालयात खात्री करून घ्या.

शेवटी आपल्या मंडळाबद्दल. आपण नाटकाच्या तालमींना जमतो, तिळगूळ वाटतो, उकडीच्या तांदळाच्या पिठाचं दुकान एकमेकांना लगेच सांगतो. पण नोकरी शोधत असलेला माणूस आपल्यात गप्प असतो, कारण त्याला "झालं का काही?" एवढंच विचारलं जातं. त्याऐवजी "तुझं पत्र बघू का?" असं विचारलं तर? दिवाळीच्या कार्यक्रमात फराळानंतर मी एका कोपऱ्यातल्या टेबलावर बसणार आहे. ज्यांना पत्र, अर्ज किंवा नुसता नकार दाखवायचा असेल, त्यांनी बेलाशक यावं. माझे ४३ नकारही सोबत आणते. ज्यांना दुसऱ्या क्षेत्रांतली माहिती आहे, त्यांनी शेजारी खुर्ची टाकावी.

आणि काकू, तुम्ही विचारलंत म्हणून हे लिहून झालं. राग नाही, उलट आभार.

चूकभूल द्यावी घ्यावी.

– मंडळाची एक कार्यकर्ती