वाघ दिसला नाहीं, म्हणून काय झालें?

सुटींत बोरच्या वनांत फिरून आलेल्या विद्यार्थ्यास "काय पाहिलेंस?" असें विचारलें असतां बहुधा दोनच उत्तरें मिळतात : "वाघ दिसला," किंवा "कांहींच दिसलें नाहीं." हें दुसरें उत्तर आमच्या मतें विचार करण्याजोगें आहे. वनांत दोन-तीन घटका फिरून ज्यास कांहींच दिसलें नाहीं, त्यानें पाहिलेंच नाहीं.

आपल्या सेलू तालुक्यांतील बोर धरणाभोंवतालचें हें रान 1970 सालीं अभयारण्य व 2014 सालीं व्याघ्रप्रकल्प झालें. त्याचें मूळ क्षेत्र सुमारें 138 चौरस किलोमीटर, म्हणजे देशांतील व्याघ्रप्रकल्पांत अगदीं लहान. परंतु तेथील इवल्या रहिवाशांची श्रीमंती पाहा! हिरवाकंच वेडा राघू फांदीवरून झेप घेऊन माशी धरतो, ती आपटतो आणि मगच गिळतो. पळस फुलला कीं चकचकीत जांभळा शिंजीर मध शोधीत फिरतो व नकळत परागवहनाचें काम करितो. तांबट वाळल्या फांदींत घर कोरतो. नारिंगी छातीचा निखार झाडांच्या शेंड्यांतून थव्यानें जातो. नवरंग तर पावसाच्या तोंडावर येतो आणि सकाळ-सायंकाळ शीळ घालतो.

कोणी म्हणतील, "वाघामुळेंच हें वन राखलें गेलें." तें खरें आहे, वाघाच्या छत्राखालीं ही पांखरेंही सुरक्षित राहिलीं. परंतु केवळ वाघच पाहावयाचा, अशी दृष्टि झाली म्हणजे गाड्या धांवडविल्या जातात, वाटाड्यास टोंचणी लागते आणि वाळलें झाड निरुपयोगी वाटूं लागतें. त्याच झाडांत तांबटाचा संसार असतो, याची दाद कोणास?

लहान पक्ष्याकडे नीट पाहिल्यानें काय घडतें, याचें उदाहरण सलीम अली यांचें आहे. 1908 सालीं या मुलानें छर्‍याच्या बंदुकीनें एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, म्हणून ती कोणती हें विचारावयास तो मुंबईच्या निसर्ग-इतिहास मंडळांत गेला. त्या एका प्रश्नांतून पुढें भारताचा थोर पक्षिशास्त्रज्ञ घडला.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, वनांत गेलां तर पाणवठ्याजवळ दहा मिनिटें गाडीचें यंत्र बंद ठेवण्याची विनंति करा. पक्ष्याचा रंग, ठिकाण, वेळ आणि तो काय करीत होता, हें वहींत टिपा. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांस फसवूं नका. आणि ज्यांस सफारीचें भाडें परवडत नाहीं, त्यांनीं खिन्न होऊं नये. वेडा राघू तारेवर, तांबट वडावर व शिंजीर अंगणांतील जास्वंदीवर विनामूल्य भेटतात.

पालकांसही एक विनंति आहे. मूल घरीं परतलें म्हणजे "वाघ दिसला का?" हा प्रश्न अवश्य विचारावा, परंतु तेथेंच न थांबतां "कोणतें पांखरूं ओळखलेंस, आणि तें काय करीत होतें?" हेंही विचारावें. वाघाची भेट दैवाधीन आहे. पाहण्याची संवय मात्र घरींच लावतां येते, आणि ती लागलेल्या मुलास कोणतेंही रान रितें वाटणार नाहीं.